चाळीस सुया

धाकट्या भावाने आईची गोधडी फाडली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि तिला शर्टाचं बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. भांडण कशावरून, तर जेवण गार होतं. भाऊ मटणाच्या दुकानात खाटकाच्या हाताखाली कामाला होता. अंगात बळ भरपूर होतं आणि ते दुकानात संपायचं नाही.

बाप पट्ट्याने मारायचा. बाप गेल्यावर पट्टा खुंटीवर तसाच राहिला. भावाने त्याला कधी हात लावला नाही. "मी काय बाबांसारखा आहे का?" असं म्हणून तो हातानेच मारायचा. एकदा तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्यात तोच तिला घेऊन गेला आणि रांगेत तिच्यासाठी भांडलाही.

त्या दिवशी गोधडीचे तीन तुकडे झाले. आईची म्हणून घरात उरलेली तेवढी एकच वस्तू होती. तिने एक तुकडा ब्लेडने उसवला आणि आत काय आहे ते पाहिलं. वर लुगड्याचं कापड, खाली चादर, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा आरपार धावदोरा. पाहून पाहून तिने तसंच शिवलं. अकरा दिवस लागले. गोधडी झाली, पण कडेला आखडलेली आणि मधे फुगलेली, पोटभर जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी.

त्यानंतर भावाने पडदा फाडला, तिचे दोन झगे फाडले, एकदा रागाच्या भरात अंगातला स्वतःचाच शर्ट टरकावला. सगळं तिने पिशवीत भरून ठेवलं. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "तुझ्या भावाचा राग म्हणजे घरबसल्या कापडाचं दुकान आहे गं." सातवी गोधडी सपाट आली. इस्त्रीवालीने ती आपल्या टेबलावर अंथरली, कपडे द्यायला येणाऱ्या बायका हात फिरवून पाहू लागल्या, आणि ऑर्डरी येऊ लागल्या.

शिकवणारं कोणी नसल्यामुळे तिची एक पद्धत पडली होती. शिवताना थर हलू नयेत म्हणून जाणती माणसं आधी कच्चा दोरा घालतात. तिला ते माहीत नव्हतं. ती बोटाएवढ्या लांब, जाड सुया जागोजाग तिरप्या खोचून ठेवायची. बरोबर चाळीस. प्रत्येकीच्या नाकात लाल दोरा. डब्यात चाळीस सुया परत आल्याशिवाय गोधडी घराबाहेर जात नसे. कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, ही गोधडी आहे की साळिंदर?"

"मला असंच जमतं," ती म्हणाली.

तीन वर्षांनी पाळणाघराच्या बाई आल्या. रांगणाऱ्या मुलांसाठी त्यांना खोलीभर पसरेल अशी एकच गोधडी हवी होती, सोमवारी दुपारपर्यंत. "पसंत पडली तर मागची खोली तुम्ही घ्या. तिथेच राहा, तिथेच शिवा, आमचं सगळं अंथरूण-पांघरूण तुमच्याकडे." खोलीला आतून कडी होती. तिने बाकी काही पाहिलं नाही.

रविवारी दुपारी भाऊ दुकानातून सुरी घेऊनच आला. खोलीचं त्याला बाजारात कळलं होतं. ती जमिनीवर पसरलेल्या गोधडीपाशी बसली होती. चार हात शिवण राहिली होती.

"कुठं चाललीस?"

"कामाच्या जागी."

"आणि मला कोण बघणार?"

"तू तेहतीसचा आहेस."

त्याने स्टूल उचलून तिच्या तोंडावर मारलं. भुवई फाटली. ती ट्रंकेवर आपटली. त्याने तिच्या कुशीत दोन लाथा घातल्या, मग तिला सोडून गोधडीकडे वळला. सुरीने हातभर चीर पाडली. एवढ्याने भागेना, म्हणून सुरी फेकली, चिरेत दोन्ही हात घातले आणि जोर यावा म्हणून गुडघे टेकून सगळं वजन खाली टाकलं.

सुया तिथेच होत्या.

तो गुरासारखा ओरडला. तीन सुया उजव्या तळव्यात, दोन डाव्यात, आणि एक गुडघ्याच्या वाटीशेजारी. उठायला गेला तशी ती मोडली. "ताई, काढ. ताई गं."

एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. ती दुसऱ्याने बघत त्याच्याजवळ बसली आणि तळव्यांतल्या सुया एकेक करून ओढल्या. प्रत्येक सुईला तो शिवी देत होता आणि ती आकडा मोजत होती. मग इस्त्रीवालीने त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. ती गेली नाही. रक्त गार पाण्याने आणि मिठाने धुतलं, चिरेवर निळं ठिगळ घातलं, उरलेली शिवण संपवली. मग डबा पाहिला. एकोणचाळीस, आणि लाल दोऱ्याची एक अर्धी.

टोक सापडेना. तिने गोधडी इंच इंच चिमटीतून काढली. या अंथरुणावर मुलं रांगणार होती.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "आधी तुमच्या भुवईला टाके घालू."

"जवळजवळ घाला," ती म्हणाली. "आणि गुडघ्याचा फोटो दाखवा."

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडापाशी पांढरी बारीक रेघ होती. तिने पदरात बांधून आणलेली अर्धी सुई त्या रेघेच्या टोकाला लावली, शेजारी एक अख्खी सुई धरली. लांबी जुळली.

"आत आहे," डॉक्टर म्हणाले. "कापून काढावं लागेल."

"बरं झालं," ती म्हणाली. पलीकडच्या खाटेवरून भाऊ बघत होता.

"ताई, लई दुखतंय."

"दुखणारच. जाड सुई आहे."

दुपारी बाराच्या आत गोधडी पाळणाघरात पसरली होती. निळ्या ठिगळाबद्दल बाईंनी विचारलं नाही, भुवईबद्दलही नाही. त्यांनी किल्ली दिली.

दीड महिन्याने भाऊ लंगडत मागच्या दाराशी आला. त्याने औषधाची रिकामी बाटली पुढे केली. आत सुईचं टोक होतं. "डॉक्टरांनी दिलं. तुला लागेल म्हणाले."

तिने झाकण काढून टोक डब्यात टाकलं.

"आत येऊ?"

"नाही," ती म्हणाली आणि कडी लावली.