एकशे अठरा पाकिटं गहू

नागपूरची यशोधरा गजभिये कॅनडातल्या एडमंटनला आली आणि एका खासगी संशोधन केंद्रात लागली. काम होतं गव्हाच्या जुन्या वाणांचं बियाणं सांभाळायचं. बावीस वर्षं तिने तेच केलं.

शीतकपाटात एकशे अठरा पाकिटं होती, प्रत्येकात एक वाण. १९१६ साली तांबेरा रोगाने अमेरिका आणि कॅनडातल्या उभ्या गव्हाचा मोठा हिस्सा एका हंगामात खाल्ला. मग अमेरिकी सरकारने रोग पसरवणारी झुडपं गावोगाव उपटायला लावली आणि शास्त्रज्ञ तग धरणाऱ्या वाणांच्या मागे लागले. त्या प्रयोगांतले हे वाण. पण बी कायम जिवंत राहत नाही, अधूनमधून पेरून नवं घ्यावं लागतं. त्यासाठी यशोधरा दरवर्षी केंद्राकडे ग्रीनहाऊस मागायची. उत्तर यायचं, "नेक्स्ट इयर."

मार्चमध्ये केंद्र बंद होत असल्याचा ईमेल आला. ती खाली धावली. कपाटाचा प्लग काढलेला होता. केव्हापासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आतली हवा कोमट होती.

परवानगी काढून तिने प्रत्येक पाकिटातले वीस दाणे घरी नेले, बेसमेंटमध्ये ओल्या कागदावर मांडले. चौथ्या दिवशी काहीच नाही. सातव्या दिवशी बुरशी.

मुलगी साक्षी जिन्यावरून म्हणाली, "मॉम, दे आर जस्ट सीड्स."

"शंभर वर्षं कुणी ना कुणी पेरत आलं गं. माझ्या हातात मेलं."

"तू किती वेळा सांगितलंस त्यांना," नवरा प्रफुल्ल म्हणाला.

"सांगितलं. भांडले नाही." आणि ती तिथेच फरशीवर बसून रडली.

बाराव्या दिवशी सहा वाणांना कोंब फुटले. तिने एका बीजपेढीला फोन केला. त्यांनी सहाही वाणांचं नवं बी घ्यायचं कबूल केलं.

"बाकीचे वाण तुमच्याकडे आहेत ना?" तिने विचारलं.

पलीकडून उत्तर आलं, "नो. सॉरी."

केंद्राच्या शेवटच्या दिवशी ती रजिस्टर घेऊन बसली आणि एकेका वाणाचं नाव लिहून पुढे 'उगवण नाही' असं एकशे बारा वेळा लिहिलं. मॅनेजर म्हणाली, "यू डोन्ट हॅव टू." यशोधराने पुढचं नाव लिहिलं.

घरी कुंड्यांत लावलेल्या सहा वाणांपैकी चारांची रोपं मे महिन्यात पिवळी पडून गेली. जुलैत उरलेल्या दोन वाणांना ओंब्या आल्या. मूठभर दाणे निघाले. ते तिने स्वतः गाडी चालवत बीजपेढीत नेऊन दिले.