करड्या पडद्यावरचं चित्र

माझा धाकटा भाऊ पतसंस्थेत कारकून होता आणि लोकांनी टाकून दिलेलं घरी आणायची त्याला भारी हौस. पतसंस्थेचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला, तर यानं तो गोणपाटात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन पिंपरी पेंढारला घरी नेला. मी घोडेगावात टायपिंगचा क्लास चालवायचे. निदान बहिणीला विचारावं, एवढी तरी अक्कल असावी की नाही? पडदा काळा-पांढरा आणि मशीन सुरू व्हायला इतका वेळ की तेवढ्यात चहा होऊन कपबशा विसळून व्हाव्यात. "याच्यावर काय करणार तू, कांद्याचा हिशोब?" मी फटकन विचारलं. तो नुसता हसला.

त्याच्यावर काय करायचं ते त्याच्या पोरीनं ठरवलं. माझी ही भाची जन्मली तीच काळजात भोक घेऊन. पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, शाळेतसुद्धा खेळाच्या तासाला भिंतीशी बसायचं. जरा अंग धरू दे, मग ऑपरेशन करू, असं पुण्याचे डॉक्टर म्हणायचे. तोवर पोर त्या मशिनीपुढे बसायची. त्यात चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम होता. पडद्याच्या खालच्या बाजूला रंगांचे चौकोन, पण आमच्याकडे ते सगळे करडे. कुठला लाल, कुठला हिरवा, देवाला ठाऊक. तिचं काही त्यावाचून अडलं नाही. त्या करड्यातलाच एखादा गडद, एखादा फिका निवडायची आणि जीभ बाहेर काढून भरत बसायची.

तिचं सगळ्यात मोठं चित्र होतं घराच्या दाराचं. दारात ती आणि तिची आई, एकमेकींचा हात धरून उभ्या. पायाशी कोंबडी. "तुझा बाप कुठंय गं?" मी विचारलं तर म्हणाली, "बाबा कामावर गेल्यात आत्या, म्हून न्हाईत." बाप शेजारीच उभा होता. त्याला लई हसू आलं होतं तेव्हा.

ऑपरेशनपर्यंत ती पोचलीच नाही. एका थंडीत छातीत कफ झाला आणि गेली. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. लिहायला घेतलं की राग येतो, आणि कुणावर काढायचा ते कळत नाही.

माझी भावजय मग रोज दिवेलागणीला नवऱ्याला मशीन सुरू करायला लावायची. तेवढं एक चित्र उघडायचं आणि समोर बसायचं. भाजी तिथेच निवडायची, कुणी आलं तर तिथूनच बोलायची. मला ते बरं वाटत नसे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, तिचे फोटो आहेत की घरात." तर म्हणाली, "फोटूत ती फोटूवाल्याला भ्यालीया, आक्का. हितं माझा हात धरून हाय."

असं काही वर्षं चाललं आणि मशीन बसलं. नारायणगावच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं आणि याचे भाग आता मिळत नाहीत म्हणाला. भावानं चित्र एका फ्लॉपीवर उतरवून ठेवलं होतं, एवढं एक शहाणपण त्याला सुचलं होतं. पण घरात सुतकासारखी कळा आली. भावजय जेवायची नाही धड, दिवेलागणीला त्या रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसायची. शेवटी भावाचा फोन आला, "आक्का, तुझ्या मशिनीवर लागतंय का बघ की."

तोवर माझ्या क्लासात नवे रंगीत कॉम्प्युटर आले होते. म्हटलं, या दोघं रविवारी, त्यात काय एवढं! ती दोघं दोन एसट्या बदलून आली. फ्लॉपी घातली, फाइल दिसली, पण उघडेना. त्या जुन्या प्रोग्रॅमची फाइल नव्या मशीनला ओळखताच येत नव्हती. माझ्याकडे पुण्याहून आणलेली एक सीडी होती, तिच्यात एका जातीची चित्रं दुसऱ्या जातीत बदलायचा प्रोग्रॅम होता. त्याला चित्राची रुंदी आपणच आकड्यात सांगावी लागायची. पहिल्यांदा तो आकडा चुकला आणि चित्र तिरपं होऊन उघडलं, पोरीचं डोकं एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकाला. मी चटकन पडद्यासमोर आडवी उभी राहिले. "थांबा, झालं नाही अजून," म्हटलं. मी आकडे बदलत गेले, तोंडानं मशीनला शिव्या घालत होते. भावजय बाकावर पदर मुठीत धरून बसली होती.

मग चित्र सरळ उघडलं, आणि रंगीत! फाइलीत रंग पहिल्यापासून होतेच. त्या पडद्यावर ते दिसत नव्हते, एवढंच. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घराची भिंत हिरवीगार, कोंबडी जांभळी. "कोंबडी बघ, जांभळी!" भाऊ म्हणाला आणि किती दिवसांनी आम्ही तिघं हसलो. भावजयही हसली. पुढे सरकून, वाकून बघायला लागली आणि हसता हसता थांबली.

पोरीनं स्वतःच्या तोंडाला नि हातांना सगळ्यात फिका करडा निवडला होता. गोरं दाखवायचं असणार तिला. तो रंग होता फिकट निळा. ओठ गडद निळे. शेवटच्या रात्री दवाखान्यात ती अशीच दिसत होती. आम्ही तिघंही तिथे होतो, कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"कशाला रंगीत केलंस?" भाऊ माझ्यावर ओरडला.

"मी केलं? पोरीनं केलंय ते!" मीही ओरडले.

रंग काढून टाकणं अगदी सोपं होतं. एक बटण दाबलं आणि चित्र करडं झालं, पूर्वी होतं तसं, तसूभर फरक नाही. मी भावजयीला हाताला धरून जवळ आणलं. "बघ बाई, आहे ना तेच? हेच होतं ना?"

तिनं बराच वेळ पाहिलं. पडद्यावरच्या त्या छोट्या तोंडावरून बोट फिरवलं.

"त्येच हाय," ती म्हणाली. "पर मला आता निळंच दिसतंय, आक्का. त्या जुन्या मशिनीत माझी पोर बरी व्हती."