वास राखण्याचं काम

मी अमेरिकेला निघाले त्या डिसेंबरच्या सकाळी कारखान्याचं गेट मागे पडेपर्यंत बाबांनी मला गाडीची काच खाली करू दिली नाही. गळीत हंगाम जोरात होता आणि मळीचा आंबूस वास अख्ख्या कॉलनीवर बसला होता. बाबा सांगली जिल्ह्यातल्या त्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. आयुष्यभर मळीपासून अल्कोहोल काढलं, पण स्वतः थेंब घेतला नाही. हायवेला लागल्यावर म्हणाले, "सुटलीस या वासातून."

मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मास्टर्स झालं. बरोबरची मुलं कॉम्प्युटर कंपन्यांत क्युपर्टिनोला गेली आणि मी इथून तासाभरावरच्या एका व्हिस्कीच्या डिस्टिलरीत लागले. तुमच्यापैकी भारतात राहिलेल्यांना आणि इथे आलेल्यांनाही मी हे आजवर नीट सांगितलेलं नाही. मी तशीही कमीच बोलते.

आमची डिस्टिलरी म्हणजे फळं डबाबंद करायची जुनी शेड. मालक इयन. सगळे त्यांना नुसतं इयन म्हणतात, मी मनात अजून अहो-जाहो करते. त्यांचे आजोबा स्कॉटलंडच्या एका बेटावर डिस्टिलरीत कामाला होते. ती बंद पडली आणि तांब्याची भट्टी अंगणात काळवंडत पडली. इयननी ती जहाजातून इथे आणली. व्हिस्की मुरेपर्यंतची वर्षं जिन विकून काढली. मोड आलेली बार्ली ते आजही पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत युगानुयुगं दबून राहिलेलं गवत आणि शेवाळ. उन्हाळ्यात विटांसारखं कापायचं, वाळवायचं आणि जाळायचं. बेटावरच्या पीटला समुद्राचा खारटपणा असतो, मिशिगनच्या पीटला ओल्या मुळांचा गोडवा. रीत तीच, भट्टी तीच, पण व्हिस्की स्कॉटलंडबाहेर केली म्हणून तिला स्कॉच म्हणता येत नाही. इयनना त्याचं काही वाटत नाही. "इथल्या मातीचा धूर आहे, इथलाच लागणार," म्हणतात.

सुरुवातीला वास घेण्याच्या खोलीत व्हिस्कीचा वास कशासारखा ते सगळे भराभर सांगायचे, कॅम्पफायर, बँडेज, समुद्र. शाळा इंग्लिश मीडियमची असूनही मला शब्द सुचायचा नाही. एकदा इयननी थेट विचारलं, तेव्हा सांगून टाकलं, की माझ्या मावशीच्या बाळंतपणात आई शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, त्या खोलीचा हा वास आहे. कोणी हसलं नाही. इयननी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. त्यानंतर हळूहळू भट्टीवरचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आले. जवळच्या ट्रॉय गावी ओळखीच्या एका काकूंकडे जेवायला गेलो होतो. काकूंनी विचारलं, "ही काय करते?"

"फूड कंपनीत आहे, क्वालिटीला," बाबा म्हणाले.

ते सगळ्यांना हेच सांगतात. आजवर मी गप्प बसत आले होते. त्या दिवशी पुरीचा घास खाली ठेवून म्हटलं, "डिस्टिलरीत आहे, काकू. आम्ही व्हिस्की करतो."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "मग सँपल आणायचंस की." काका खो खो हसले. बाबा हसले नाहीत. परतीच्या वाटेवर फक्त आईशी बोलले. मला वाटलं, आता ते जाईपर्यंत हे असंच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "आज भट्टी आहे का? येतो." आईही निघाली.

भट्टीतून पहिला येतो तो उग्र भाग बाजूला काढायचा, मधला ठेवायचा, शेवटचा पुन्हा वेगळा. धुराचा वास धारेत उशिरा उतरतो. लवकर थांबलं तर तो हातचा जातो, उशीर झाला तर घाण वास शिरतो. मी वास घेत उभी होते, बाबा माझ्या मागे.

"अल्कोहोलचा मीटर काय म्हणतो?"

"थांब म्हणतो."

"मग?"

"धूर अजून पुरता आला नाही, बाबा."

थोड्या वेळानं मी दांडा फिरवून धार वेगळी काढली. बाबांनी मधल्या भागाच्या शेवटच्या धारेचा ग्लास मागितला, नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडे वास राहिला की माल फेल. मी वास घालवायचा पगार घेतला, तू राखायचा घेतेस."

परत येताना गाडीत आत्याचा फोन आला. स्पीकरवर तिनं विचारलं, "पोरगी कुठल्या फूड कंपनीत म्हणालास रे, दादा?"

"फूड नाही. दारूचा कारखाना आहे. भट्टी तीच बघते."

मग, "पीत तर नाही ना?"

"चाखते आणि थुंकते."

"ईऽ, थुंकते कशाला?"

"काम आहे ते," बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं."

मागच्या सीटवर आई तोंडाला पदर लावून हसत होती.

घर कुठलं, असं इथे सगळेच एकमेकांना विचारतात. मी पूर्वी तालुक्याचं नाव सांगायचे, मग ॲन आर्बर सांगायला लागले. आता वाटतं, ज्यांच्यासमोर आपल्या कामाचं नाव हळू आवाजात घ्यावं लागत नाही, ती माणसं बसली असतील तिथे घर. त्या दुपारी ते घर मिशिगनच्या हायवेवर सत्तर मैलांच्या स्पीडनं चाललं होतं आणि मीच ड्राइव्ह करत होते.