तीन सपाट दगड

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं लोकांना डोंगरातले प्राणी दाखवत आले. पाच दिवसांचा ट्रेक, चार मुक्काम, तंबूत झोपायचं आणि उजाडताना समोरच्या कड्यांवर रानबकरे, अस्वल, नशीब जोरावर असेल तर लांडगा बघायचा. वाटाड्या ते आणि आचारी मी. पाहुणे त्यांना घारकाका म्हणायचे, कारण पलीकडच्या डोंगरावरचं जनावर त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. मला पाहुणे ‘चहा झाला का’ म्हणायचे. बावीस वर्षांत माझं दुसरं नाव कुणाला सुचलं नाही.

भाऊजींचा एक नियम होता. स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीला आचाऱ्यानं हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी हौसेनं डोळा लावायला गेलो आणि काचेला तेलाचं बोट लागलं. सकाळभर पाहुण्यांना सगळा डोंगर धुक्यात दिसला. भाऊजींनी मला असं फैलावर घेतलं की त्यानंतर मी दुर्बिणीच्या पिशवीलाही शिवलो नाही. एवढ्या वर्षांत त्या नळीतून डोंगर कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, आणि माझंही काही अडलं नव्हतं.

प्रत्येक मुक्कामावर त्यांनी दरीच्या कडेला तीन सपाट दगड रोवून ठेवले होते. स्टँडचे तीन पाय त्या तीन दगडांवर ठेवायचे, दुर्बीण किती झुकवायची त्याच्या खाचा स्टँडवर कोरलेल्या होत्या, तेवढी झुकवायची, की नळी बरोबर त्या कपारीवर रोखलेली असायची जिथे जनावरं सकाळी येतात. वेळ वाचावा म्हणून काढलेली ही युक्ती. पुढे तीच त्यांचा आधार होणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक!

तीन वर्षांपूर्वी त्यांची मधली नजर जायला लागली. बाजूचं दिसायचं, पायाखालची वाट दिसायची, पण समोर रोखून बघितलं की मधोमध राखाडी डाग. ते चालायचे पहिल्यासारखेच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण एकदा माझ्याच तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "आचारी कुठे उलथलाय?" मी हसलो. मग माझं हसू जागच्या जागी विरलं.

डॉक्टर म्हणाले, एवढी आहे तेवढी जपा. ताईनं त्यांच्या सगळ्या पिशव्यांच्या बंदांना गाठी मारल्या. एक गाठ मोजे, दोन गाठी बनियन, तीन गाठी गोळ्या. "गाठ पडली तेव्हाच कळायला हवं होतं मला," असं म्हणून ती हसायची, आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची. ट्रेकच्या कंपनीत सांगा असं आम्ही दोघांनीही त्यांना म्हटलं नाही. डोंगर सुटला तर हा माणूस घरात कुठे बसेल, हेच आम्हाला समजत नव्हतं.

मग मी आणि भाऊजींनी मिळून चालवलं. अवघड वाटेवर पाहुण्यांच्या पुढे कंपनीनं जोडीला दिलेला दुसरा वाटाड्या असायचा, भाऊजींच्या पुढे मी. पूल आला की ते हळूच विचारायचे, "फळ्या धड आहेत?" मी हो म्हणायचो. "तू म्हणतोस ना, मग झालं," म्हणत ते पाय टाकायचे. सकाळी कपारीवर जनावरं ठिपक्यांएवढी दिसली की मी झाकणावर डाव एकदा वाजवायचो. मग भाऊजी खाकरून म्हणायचे, "आले बघा. मोठा नर उजवीकडे." पाहुणे नळीला डोळा लावून "अगबाई!" म्हणायचे. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षं एकही पाहुणा जनावर न बघता परत गेला नाही.

यंदा ऑफिसातल्या मॅनेजरबाई स्वतः ट्रेकला आल्या. कुणीतरी तक्रार केली होती की काकांशी तासभर गप्पा मारल्या आणि पाच मिनिटांनी त्यांनी ओळखच दिली नाही. बाईंनी निघतानाच सरळ सांगितलं, "काका, पाच दिवस मी बघणार आहे. ठीक वाटलं तर उरलेला हंगाम तुमचा. नाहीतर तुम्हाला खाली गोदामात घेऊ. काढून टाकणार नाही." बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

पहिले दोन मुक्काम निभावले. दुसऱ्या सकाळी अस्वल पिल्लासकट आलं आणि बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या मुक्कामावर मी नेहमीसारखा शेवटच्या सोप्या वाटेवर पुढे होऊन सगळ्यांच्या आधी पोचलो. पावसाळ्यात कडेची जमीन खचली होती. तिन्ही दगड जागेवर होते, पण त्यांच्या आणि आमच्या मैदानाच्या मध्ये हातभर रुंद भेग पडली होती. तिथे उभं राहणं म्हणजे दरीत जाणं. तंबू वरच्या अंगाला लावायला हवे होते. मग मी अक्कल चालवली. जीव मुठीत धरून दगड उचलून आणले आणि चाळीस पावलं वर, पक्क्या जमिनीवर, तसेच्या तसे मांडले. दिशा चुकू नये म्हणून काठी धरून तीनतीनदा ताडून पाहिलं. तोंड तिकडेच, दगडादगडांमधलं अंतर तेवढंच. आपण काय भारी काम केलं, असं म्हणत मी शेगडी पेटवली. भाऊजींना सांगायचं होतं, पण बाई सारख्या त्यांच्याबरोबर. म्हटलं, उगाच धाकधूक कशाला लावा?

सकाळी कपारीवर ठिपके दिसले. मी डाव वाजवला. भाऊजी दुर्बीण घेऊन तंबूतून निघाले, दगडांपाशी आले, किंचित थांबले. मग पायानं एकेक दगड चाचपून त्यांनी स्टँड ठेवला, खाचेवर नळी झुकवली आणि बाजूला सरले. "या बाई. मोठा नर उजवीकडे."

बाईंनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "काका, नुसता खडक दिसतोय."

"नीट बघा."

"बघतेय. काहीच नाही."

तेव्हा भाऊजींनी स्वतः नळीला डोळा लावला. त्यांना राखाडी डागापलीकडे काय दिसणार? पण बोलल्यावाचून सुटका नव्हती. "हा काय, उभा आहे की," ते म्हणाले. "एक शिंग टोकाला तुटलंय. बघा, मान वळवली त्यानं. मागे दोन पिल्लं आहेत."

एक पाहुणा गळ्यातली छोटी दुर्बीण लावून उभा होता. तो अगदी भोळेपणानं म्हणाला, "अहो काका, कळप तर तिकडे डावीकडे आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: दगड चाळीस पावलं सरकले की दिशा तीच राहिली तरी नळी दुसऱ्याच खडकावर रोखली जाते. मग पाहुण्यांतल्या एक म्हाताऱ्या शिक्षिका पुढे आल्या, त्यांनी नळीला डोळा लावला आणि म्हणाल्या, "हो हो, दिसला मला. तुटक्या शिंगाचाच आहे." त्यांना भाऊजींची लाज राखायची होती. पण ते ऐकल्यावर भाऊजींचा चेहरा जो पडला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी स्टँड मिटला आणि माझ्या शेगडीपाशी येऊन बसले. उरलेले दिवस ते माझ्या मागून चालले. खाली उतरल्यावर बाईंनी निघताना सांगितलं होतं तेच केलं.

आता ते कंपनीच्या तळघरातल्या गोदामात असतात. ट्यूबलाइट, लोखंडी रॅक, दमट स्लीपिंग बॅगांचा वास. दोऱ्या गुंडाळायच्या, तंबूच्या खुंट्या लावून ठेवायच्या. ताई म्हणते, घरात विचित्र वागतात. तिनं गॅस बंद केला तरी उठून बटण चाचपतात. कडी लावली म्हटलं तरी स्वतः जाऊन बघतात. पिशव्यांच्या गाठी सोडून त्यांनी आपल्या हातानं नव्या मारल्या. मला वाटलं, त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालाय. स्टँड आपणच चुकीचा ठेवला असं ते समजत असणार, आणि खरं सांगायची माझी हिंमत होत नव्हती. दोन महिने मला जेवण गोड लागलं नाही.

हंगाम संपल्यावर भांडी जमा करायला गेलो तेव्हा ते एकटेच होते. मी एका दमात सांगून टाकलं, "भाऊजी, तिसऱ्या मुक्कामाचे दगड मी हलवले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. हातातली दोरी त्यांनी गुंडाळत ठेवली. "तंबूपासून बावीस पावलं असायची. त्या दिवशी सतराच भरली. आणि दगड ओल्या मातीत बसवलेले. पायाला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, यानं हलवलेत म्हणजे नळीतून बघून हलवले असणार."

"दुर्बीण तुमच्या पाठीवर होती. आणि मला तर शिवायचीही परवानगी नव्हती."

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

त्यांनी दोरीला गाठ मारून ती रॅकवर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा कळलं की गॅसचं बटण ते कशासाठी चाचपतात. त्यांचे हात शाबूत होते, पावलं शाबूत होती. भरवसा उडाला होता तो आमच्यावरचा.

मी पातेली त्यांच्या समोर फळीवर मांडली. "बारा आहेत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे करून पहिल्या पातेल्याच्या काठावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "एक."