बाईसाहेबांकडे बघायचं नाही

माझी मोठी मावशी माणसांशी पाठीने बोलते. खरंच सांगते. तिच्या घरी जेवायला बसलात की ती ताट वाढणार आणि लगेच पाठ फिरवून ओट्याशी खुडबुड करत बसणार. "अजून वाढू का?" हेसुद्धा भिंतीला विचारणार. एकदा मी परीक्षेत सणसणीत आपटले होते, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात बसून धाय मोकलून रडले, आणि ही बया पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती. एकदासुद्धा वळली नाही! घरी येऊन मी आईला म्हटलं, "मावशीला माझं काही पडलेलंच नाहीये." आई म्हणाली, "अगं वेडे, ती अस्वलवाली आहे ना." म्हणजे काय, ते काही सांगितलं नाही. ते मला कळलं या उन्हाळ्यात, आणि तेही जीव टांगणीला लागलेला असताना.

मावशी आमच्या शहरातल्या प्राणीसंग्रहालयात काम करते. काका गेल्यावर लागली. आधी तिला तिकीट खिडकीत बसवलं होतं, पण ती पडली फटकळ. तिकीट देताना विचारायची, "आत जाऊन दगड मारणार का? मारणार असलात तर घरीच बसा." तक्रारी झाल्या. मग तिला प्राण्यांच्या स्वयंपाकघरात टाकलं, फळं चिरायला. आणि तिथून ती अस्वलाकडे गेली ती गेलीच.

हे संग्रहालय मूळचं म्हणजे एका व्यापाऱ्याचं पक्ष्यांचं वेड. त्याच्या बागेत पोपट, मोर, बदकं. त्याच्यानंतर बाग लोकांसाठी खुली झाली आणि लोकांनी काय केलं, तर हौस फिटलेले प्राणी आणून टाकायला सुरुवात केली. कुणाची कासवं, कुणाची माकडं. कुणी तर मगरीचं पिल्लू टबात पाळलं होतं म्हणे, टब पुरेना तसं आणून दिलं. मग बिबट्या आला, सिंहाची जोडी आली. जागा नव्हतीच, म्हणून एकाला एक चिकटून पिंजरे बांधत गेले. खाली सिमेंट, समोर गज, वर पत्रा. त्याला सगळे 'लोखंडी रांग' म्हणायचे. एक सर्कस बंद पडली तेव्हा तिथली अस्वलीण याच रांगेत आली. खाताना एकेक फळ निवडून, नाक मुरडून खायची, म्हणून नाव पडलं बाईसाहेब.

बाईसाहेबांची एक गोष्ट होती. तिच्याकडे कुणी टक लावून बघितलं की ती मागच्या पायांवर उभी राहायची आणि डुलायला लागायची. टाळी वाजली की स्वतःभोवती गिरकी. लोक खूश. आधीचा माणूस तर मुद्दाम टाळ्या वाजवून घ्यायचा. मावशीने पहिल्याच आठवड्यात ओळखलं की हे काही लाडात येणं नाही. बघणारे डोळे दिसले की तिला वाटतं, लागा कामाला. मग मावशीने पिंजऱ्याला अर्ध्या उंचीपर्यंत फळ्या मारायला लावल्या आणि स्वतः पाठ करून काम करायला लागली. झाडायचं पाठीने, पाणी भरायचं पाठीने, गप्पा मारायच्या त्याही पाठीने. बाईसाहेब काय करतेय हे कानाने ओळखायचं. लोक डोळ्यांत तेल घालतात, हिने बहुतेक कानात घातलं असावं.

तर गेल्या काही वर्षांत सगळं पालटायला लागलं. नवे साहेब आले. त्यांच्या काखेत कायम नकाशाची गुंडाळी, म्हणून त्यांना नाव पडलं नकाशासाहेब. त्यांनी ठरवलं, रांग मोडायची. मागच्या पडीक जमिनीवर मोकळी आवारं करायची, मधे खंदक, आत खरी झाडं, खरी माती. हरणं गेली, माकडं गेली, सिंहांना पार दुसऱ्या शहरात मोठं आवार मिळालं. शेवटी रांगेत राहिली एकटी बाईसाहेब.

तिला न्यायचं पेटीतून. जाड लाकडाची लांबलचक पेटी, एका टोकाला गज, दुसऱ्या टोकाला वरून खाली पडणारं जड दार, ते दार कप्पीवरून दोराने धरून ठेवायचं. मावशीने कितीतरी आठवडे ती पेटी पिंजऱ्याला लावून ठेवली होती आणि रोजचं खाणं तिच्यात द्यायची. बाईसाहेब मजेत आत जायची, खाऊन बाहेर यायची. दार मात्र एकदाही पाडलं नव्हतं. कारण एकदा पाडलं आणि ती निसटली, तर परत जन्मात पेटीत पाऊल टाकणार नाही.

त्या दिवशी सकाळी आईने मला हाकललं, "जा मावशीबरोबर. कालपासून पोटात अन्न नाही तिच्या. हा डबा घे." मी डबा घेऊन पोचले तर रांगेपाशी ही गर्दी! नकाशासाहेब, दोनचार पाहुणे, एक फोटोवाला, क्रेनवाला, सगळे कामगार. आणि डॉक्टरीणबाई, हातात भुलीच्या सुईची बंदूक घेऊन.

बंदूक बघून मी थेट मावशीला जाऊन चिकटले. कारण मला माहीत होतं, मागे एकदा दातासाठी बाईसाहेबला भूल दिली होती तेव्हा तिचा श्वास अडकला होता, कसाबसा परत आणला होता. आता तर ती म्हातारी.

"आज नाही गेली तर उद्या न्या की," मी मावशीला म्हटलं.

मावशीने नुसतं वर बोट दाखवलं. आदल्या दिवशी शेजारचा पिंजरा पाडताना बाईसाहेबच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. छप्पर एका बाजूला झुकलेलं. कधीही खाली येईल.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "हे बघा, ऊन त्या झाडाच्या बुंध्याशी पोचेपर्यंत मी थांबते. त्याच्यापुढे नाही, सुई मारणार. भुलीत अंग तापलं तर जगायची आहे तेवढीही आशा राहणार नाही."

ऊन झाडापासून दोन हातांवर होतं.

मावशीने पेटीत फळं टाकली, मध ओतला. बाईसाहेब आली, दाराशी नाक लावलं, आणि फुस्स करून मागे! परत आली, परत मागे. रोज नाचत जाणारी बाई आज पेटीकडे बघेना.

डॉक्टरीणबाईंनी वाकून पेटीचा वास घेतला. "पेटी कोणी धुतली?"

कामगारांनी माना खाली घातल्या.

"कोणी धुतली म्हणते मी!"

"मी," मावशी म्हणाली. "काल संध्याकाळी. फिनेलने. म्हटलं नव्या घरी चाललीये, अशा मुतरट पेटीतून कशी पाठवू?"

मला मावशीचं तोंड बघवेना. आमच्या घरी आली तरी कपबशी परत विसळून घेणारी बाई ती! इतक्या आठवड्यांचा बाईसाहेबचा स्वतःचा वास तिने एका बादलीत घालवला होता. प्रेमाने घालवला होता, हे तर अजूनच वाईट.

"मीच मारणार आता तिला," मावशी पुटपुटली.

"रडायचं नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्या झोपायच्या खोलीतला पेंढा कुठाय? घाणेरडा, जुना?" आणि उत्तराची वाट न बघता त्या मागच्या खोलीत शिरल्या. पांढऱ्याशुभ्र शर्टाशी तो कुजका पेंढा कवटाळून बाहेर आल्या. मी धावले, मावशी धावली, गजांमधून पेटीत पेंढा कोंबला, फळ्यांना घासला. असा वास सुटला की पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

बाईसाहेबचं नाक हललं. एक पाऊल. अजून एक. डोकं पेटीत!

आणि फोटोवाल्याला राहवलं नाही. पुढे सरकून त्याने खटाखट फोटो काढले. सगळे फळ्यांवरून माना लांब करून बघायला लागले. बाईसाहेबने डोकं बाहेर काढलं, इतके सगळे डोळे बघितले, आणि मागच्या पायांवर उभी राहिली. डुलायला लागली. पाहुण्यांमधल्या कुणीतरी टाळी वाजवली. ती गिरकी घ्यायला लागली! म्हातारे पाय लटपटताहेत, जीव जाईल की राहील माहीत नाही, आणि ती आपली कामाला लागली. लोक हसले. आणि मी... मला त्या माणसाचे हात पिरगाळावेसे वाटले.

"पाठी फिरवा!" मावशी अशी ओरडली की क्रेनवालासुद्धा दचकला. "सगळ्यांनी! तिच्याकडे बघायचं नाही!"

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यात आधी फिरले नकाशासाहेब. काखेतल्या नकाशासकट गर्रकन वळले आणि म्हणाले, "चला, ऐकू नाही आलं का? शाळेत कधी भिंतीकडे तोंड करून उभे नाही राहिलात?" मग एकेक करून सगळे फिरले.

"मी तरी बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दार कधी सोडायचं ते कोण सांगणार तुम्हाला? लवकर सोडलंत तर कणा मोडेल तिचा."

"तुमची नजरही तिला कळते हो. तिची नखं वाजतात, त्यावरून सोडते."

डॉक्टरीणबाईंनी झाडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ऊन बुंध्याशी आलंच आहे."

"मग वळा पटकन."

त्या वळल्या. मावशीने दोर खांद्यावरून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि पेटीकडे पाठ केली. मीही. माझ्यासमोर एक गंजलेली पाटी होती, 'प्राण्यांना खाऊ घालू नये'. मी तीच वाचत राहिले. परत परत.

आधी काहीच नाही. मग धप्प. म्हणजे चार पायांवर आली. मग टक, टक. सिमेंटवरची नखं. मग आवाज बदलला, जरा भरीव. लाकूड! पुढचा पाय. दुसरा पुढचा. आणि थांबली.

मावशीच्या दंडाची शीर ताडताड उडत होती. दार जड होतं.

तेवढ्यात नकाशासाहेबांचा फोन वाजला. देवा रे! त्यांनी तो पोटात खुपसला, वर नकाशा दाबला, आणि स्वतः त्याच्यावर वाकून उकिडवे बसले. पण मागे टक टक टक, सिमेंट. ती परत गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी बंदूक तयार केल्याचा खटका वाजला.

आणि मावशी बोलायला लागली. मोठ्याने नाही, रोज ओट्याशी बोलते तशी. "काय गं बाईसाहेब, आज भूक नाही वाटतं? आमच्याकडे पाहुणी आलीये. माझी भाची. तीच गं, मागे सांगितलं नव्हतं का, परीक्षेत आपटली होती ती."

इतक्या लोकांसमोर! माझे कान लाल झाले.

टक.

"काय रडली होती पोरगी. मला काही सुचेना बघ. मागे वळले असते तर शहाण्यासारखी डोळे पुसून गप्प बसली असती. म्हणून वळलेच नाही. म्हटलं, रडू दे पोटभर, कुणी बघत नाहीये. अर्धी टोपली कांदा चिरला मी, आठवतंय ना? दुसऱ्या दिवशी तुला सांगत होते आणि तू मेलीने ढेकर दिलीस."

टक, टक. लाकूड. पाटीवरची अक्षरं मला दिसेनाशी झाली होती. पुढचे पाय. मग घसपटत पेंढा सरकल्याचा आवाज. मागचा एक पाय लाकडावर. मी मनात ओरडत होते, सोड ना, सोड! मावशी सोडेना. बोटं पांढरी पडली होती, दोर हळूहळू तळव्यातून सरकत होता. मावशी अजून थांबली. कशासाठी, ते मला मग ऐकू आलं. पार पलीकडच्या टोकाला, गजांपाशी, मचमच. बाईसाहेब फळ खात होती. नाक मुरडून, सावकाश.

मावशीने दोर सोडला.

असा दणका बसला की भिंतीच्या तड्यातून माती ओघळली. आतून एक भयंकर आवाज आला. मावशी वळली नाही. तशीच उभी, हात हवेत.

"तू बघ गं," ती मला म्हणाली. "माझी छाती होत नाही. पाय बघ तिचे."

मी वळले. दाराच्या फटीत काळं काहीतरी अडकलं होतं. खाली बसून बघितलं, हात लावून बघितलं.

"केस आहेत, मावशी. नुसते केस अडकलेत. बाकी सगळी आत आहे."

मावशी होती तिथेच मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी बंदुकीतली सुई काढली. नकाशासाहेब अजून उकिडवेच होते, त्यांना मी म्हटलं, "साहेब, उठा आता," तर म्हणाले, "बघू का?"

नव्या आवारात पेटी उतरवली तेव्हा कुणी सांगायची गरजच पडली नाही. फोटोवाल्यासकट सगळे आपणहून पाठ करून उभे राहिले. दार वर ओढलं. बराच वेळ लाकडावर नखं वाजत राहिली, टक, टक, पुढे, मागे, पुढे. मग एकदम शांत.

"अडकली की काय?" नकाशासाहेब कुजबुजले. "आवाजच येत नाहीये."

"बाहेर आली," मावशी म्हणाली.

"मग पाय कसे वाजत नाहीत?"

"मातीवर आहे ना," मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत बाईसाहेबचं चालणं तिला ऐकू न येण्याची ही पहिलीच वेळ होती.

मला काय झालं माहीत नाही, मी भडभडून रडायला लागले. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातला डबा काढून घेतला, कुंपणाशी माझ्याकडे पाठ करून बसली आणि एकेक झाकण उघडायला लागली. फार सावकाश.