मूठभर अंतर

उडते काकांना लहानपणापासून आभाळाची ओढ होती असं कुणी सांगितलं तर खुशाल हसावं. तिशीपर्यंत ते खिडक्यांना काचा बसवत होते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, आठ-आठ मजली इमारतींच्या. दोरावर लोंबकळून काम करायची सवय होती आणि उंचीचं भय नव्हतं, एवढंच त्यांचं भांडवल. उडायचं डोक्यात आलं ते बायकोच्या.

बायको, म्हणजे पुढे सगळ्यांच्या काकू, होड्यांची शिडं शिवायच्या कारखान्यात कामाला होत्या. तिथं एक दिवस एका परदेशी माणसाच्या हँग ग्लायडरचा, म्हणजे इंजिनाशिवाय वाऱ्यावर उडायच्या सांगाड्याचा, फाटलेला कापडी पंख दुरुस्तीला आला. काकूंनी तो दोन दिवस बसून दुहेरी टाक्यांनी शिवला आणि त्या माणसाला म्हणाल्या, "शिवण मी घातलीय, तेव्हा पहिल्यांदा माझा नवरा उडून बघेल." नवऱ्याला विचारलेलं नव्हतं. नवरा तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी संडासाची काच लावत होता.

तो परदेशी माणूस दोन वर्षं राहिला, काकांना शिकवून गेला, आणि शहराबाहेरच्या कड्यावर या जोडप्याचा धंदा उभा राहिला. कडा समुद्रावर सरळ उभा आहे. पाण्यावरून येणारा वारा त्याच्यावर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर पंख टेकवला की वारा आहे तोवर माणूस समुद्रावर तरंगत राहतो. काका एका वेळी एका पाहुण्याला शेजारी घेऊन उडायचे आणि खालच्या वाळूवर उतरायचे. गिऱ्हाईक हा शब्द त्यांना आवडायचा नाही, पाहुणा म्हणायचे. चुकून कुणी पाण्यात पडलंच तर काढायला खाली होडीवाला असायचा. तीस वर्षांत एकदाही कुणी पडलं नाही. होडीवाला म्हणायचा, "माझ्याइतकी निवांत नोकरी राजालासुद्धा नसेल."

कुणी पडलं नाही ते काकूंमुळे. हे काका स्वतः सांगायचे.

उडताना पायलट आणि पाहुणा दोघांच्या अंगात जाड पट्ट्यांचा एकेक झोळा असतो, आणि झोळ्याचा पट्टा वर पंखाच्या मधल्या नळीला कडीनं अडकवायचा असतो. कडी अडकली की माणूस पंखाखाली पालथा, पाळण्यात निजल्यासारखा तरंगतो. नाही अडकली तर त्याच्या मनगटांत जेवढा जोर, तेवढंच त्याचं आयुष्य. गंमत अशी की जमिनीवर उभं असताना दोन्ही अगदी सारखंच वाटतं. म्हणून धावायच्या आधी तिथल्या तिथं आडवं होऊन बघायचं. कुणीतरी पंखाचं नाक धरून उभं राहायचं, आणि काकू रबराच्या चटईवर गुडघे टेकून खाली शिरायच्या. कडी बघायच्या, पट्टा दोनदा हिसकायच्या, मग लोंबणाऱ्याची छाती आणि पंख वळवायची खालची दांडी यांच्यामध्ये स्वतःची मूठ घालायच्या. मूठ नेमकी बसली पाहिजे. अडली तर माणूस फार खाली, सैल राहिली तर फार वर.

आधी पाहुण्याची पाळी, मग काकांची. काका चार माणसांत लाजायचे. रोज उडणाऱ्यानं रोज आडवं होऊन दाखवायचं म्हणजे काय. काकू पाहुण्यासमोरच म्हणायच्या, "घरी सुट्टीच्या दिवशी आडवेच असता की. इथं दोन मिनिटं का जड जातं?" पाहुणा हसायचा, त्याची भीती कमी व्हायची, आणि काका आडवे व्हायचे. दिवसातून सहा वेळा, तीस वर्षं. काकूंचा आणखी एक नियम होता. अडकवलेली कडी कुठल्याही कारणानं सुटली, की सगळं पहिल्यापासून. शिंक आली म्हणून सोडली तरी पहिल्यापासून.

काकू तीन महिन्यांत गेल्या. पोट दुखतंय म्हणून दाखवायला गेल्या आणि डॉक्टरांनी काकांना एकट्याला खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच काय ते कळलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येईनात, पण हातात चादरीचा काठ आला की टाके मोजत बसायच्या.

तीन आठवड्यांनी काका परत कड्यावर गेले. घरी बसून करायचं काय, असं लोकांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. घरात काकू आजारी होत्या, घरात त्या गेल्या. कड्यावर मात्र त्या धडधाकट होत्या. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा टाके घालायचा दाभण होता, उन्हाची टोपी होती आणि ती रबरी चटई होती. चटईला मधोमध दोन खळगे पडलेले, त्यांच्या गुडघ्यांचे.

मदतीला मुलगी यायला लागली, शनिवार-रविवार. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय हात न लावणारी मुलगी. पहिल्याच शनिवारी तिनं पंखाचं नाक काठीवर टेकवलं आणि चटई काढायला गेली. काकांनी ती तिच्या हातातून घेतली, गुंडाळली आणि जीपच्या सीटखाली ठेवून दिली.

"मी बघतो पाहुण्याचं. तू नाक धर."

"आणि तुमचं कोण बघणार?"

"मला हात आहेत."

पाहुण्याखाली ते स्वतः गवतावर गुडघे टेकायचे. सगळं नीट बघायचे, त्यात कधी कसूर नाही. मग स्वतःची कडी अडकवायची, हात मागे नेऊन पट्टा ओढायचा, की झालं. आडवे व्हायचे नाहीत. ती जागा काकूंची होती आणि तिथं त्यांना दुसरं कुणी नको होतं. एवढ्या साध्या गोष्टीला लोकांनी काय काय नावं दिली. कुणी म्हणालं अनुभव आहे, कुणी म्हणालं म्हातारा हट्टी आहे. मुलीला कारण पक्कं ठाऊक होतं आणि ती गप्प बसली. सात महिने गप्प बसली.

सातव्या महिन्यात गणिताच्या बाई आल्या. वय बहात्तर, शाळेतून निवृत्त, काठी जीपमध्ये ठेवून कड्यापर्यंत चालत आलेल्या. भाच्यांनी नको म्हटलं होतं म्हणून मुद्दाम आल्या होत्या. काका त्यांच्या खाली शिरून पट्टे बघत होते तेव्हा पालथ्या अवस्थेतच त्यांनी विचारलं, "आणि तुमचं कोण तपासतं?"

"माझं माझं मी."

"म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच."

मुलीला हसू आलं. काकांनाही आलं. बाई उभ्या राहिल्या, काकांनी आपली कडी अडकवली, हात मागे नेऊन पट्टा ओढला. कडी घट्ट होती. वारा सुरेख होता, सलग, समोरून.

"माझा चष्मा घसरतोय," बाई म्हणाल्या.

चष्म्याला बांधायची दोरी शेडमध्ये होती, दहा पावलांवर. मुलीनं दोन्ही हातांनी पंखाच्या पुढच्या तारा धरलेल्या. एवढ्या वाऱ्यात ती सोडू शकत नव्हती. काकांनी आपली कडी सोडली, मुलीला तेवढा वेळ पंख पेलायला सांगितला, जाऊन दोरी आणली, बाईंच्या डोक्यामागे गाठ मारली. बाई म्हणाल्या, "आता बरं." काकांनी दोन्ही खांद्यांवर पंख घेतला. हाताला आठवत होतं की पट्टा ओढून झालाय. हाताचं बरोबरच होतं. पट्टा ओढला होता, दोरी आणायच्या आधी.

"सोड," ते म्हणाले. मुलीनं तारा सोडल्या आणि बाजूला झुकली.

एक पाऊल, दोन, तीन. चौथ्याला पंख वर आला आणि बाईंना त्यानं अलगद उचललं. काकांची पाठ कुणी उचलली नाही. तीस वर्षं ज्या क्षणी पाठीला ओढ बसायची, त्या क्षणी पाठ मोकळी राहिली. पुढे उतार पंचवीस पावलांचा होता, त्यापुढे समुद्र.

त्यांनी हात सोडले असते तर ते वाचले असते आणि बाई एकट्या पंखाखाली समुद्रावर गेल्या असत्या. त्यांनी सोडले नाहीत. गुडघे दुमडले, अंगाचं सगळं वजन दांडीवर टाकलं आणि पंखाचं नाक जमिनीत घातलं. पंख माती उकरत, कण्हत कड्याच्या अलीकडे थांबला. मुलगी धावत पोचली तेव्हा बाई डाव्या कुशीवर पडल्या होत्या आणि म्हणत होत्या, "चष्मा शाबूत आहे." त्यांचं डावं मनगट मोडलं होतं.

काका मातीत बसून आपल्या खांद्यामागून हात नेऊन पट्टा चाचपत होते. पट्टा सुटा होता, कडी गवतात लोळत होती. मुलीनं ती पाहिली. बिनतारी रेडिओवर खालून होडीवाला विचारत होता, "निघाले की चहा पीत बसलेत सगळे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका बाईंच्या घरी गेले. बाईंचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. वारा फिरला, असं भाच्यांना सांगितलं गेलं होतं. काकांनी उभ्याउभ्याच खरं सांगितलं: कडी सोडली होती, परत अडकवली नाही, पुन्हा तपासलं नाही.

बाईंनी त्यांना बसायला लावलं. "आधी तपासायचं कोण?"

"बायको."

"आणि ती गेल्यावर?"

"कुणी नाही."

"मुलगी होती की समोर."

"तिला मी करू दिलं नाही."

बाई म्हणाल्या, "सात महिने तुमचं उत्तर बरोबर येत होतं आणि रीत चुकत होती. अशा मुलाला मी पुढच्या वर्गात घालत नसे. रागावू नका, पण आता कुणाला घेऊन उडू नका."

"मी आलोच होतो ते सांगायला," काका म्हणाले. खरं म्हणजे ते तसं ठरवून आलेले नव्हते. बाईंच्या दारातून बाहेर पडल्यावर त्यांना कळलं की ठरलं आहे.

घरी मुलगी ओट्यापाशी उभी होती. तिनं भांडी दुसऱ्यांदा घासायला घेतली होती.

"तुला दिसत होतं," काका म्हणाले.

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आडवे व्हा म्हणू? मी, तुम्हाला?" तिनं नळ बंद केला. "तुम्ही ती चटई माझ्या हातातून कशी घेतलीत, आठवतंय? मी तिला हात लावला म्हणजे चोरी केली जणू. माझीही आई होती ती, बाबा."

इतक्या महिन्यांत ही गोष्ट काकांच्या मनात एकदाही आली नव्हती, आणि हे त्यांना कड्याच्या टोकापेक्षा भयंकर वाटलं.

कडा आता एका दाढीवाल्या पोराकडे गेला. तो काकांनीच शिकवलेला, हाताचा चांगला, थोडा बडबड्या. त्याच्याबरोबर त्याची बहीण येते. तपासायचं काम ती करते आणि भावाला आडवं पाडताना चार शिव्याही घालते. काकांनी पंख दुरुस्त करून दिला. नाकाजवळचं फाटलेलं कापड त्यांनी स्वतः शिवलं, काकूंच्या दाभणानं, आणि टाके इतके वाकडे आले की दाढीवाल्यानं न बोलता ते उसवून दुसरीकडून शिवून आणले.

शेड रिकामी करायच्या दिवशी मुलगी बरोबर होती. सकाळची वेळ, वारा पडलेला. आढ्याला एक लोखंडी कडं आहे. घाबरट पाहुण्यांना आधी तिथं लटकवून सराव द्यायचा आणि खाली दांडीऐवजी एक लाकडी काठी दोरांनी टांगायची, अशी तिथली पद्धत. मुलगी टोप्या आणि हातमोजे खोक्यात भरत होती. मागे वळून बघते तर काकांनी झोळा अंगात चढवला होता. कडी आढ्याच्या त्या कड्यात अडकवली होती.

"जीपच्या सीटखालची चटई आण," ते म्हणाले.

तिनं आणली, उलगडली, काठीखाली अंथरली. खळग्यांत तिचे गुडघे बसले नाहीत. ती आईपेक्षा उंच आहे. ती तशीच थांबली.

"अगं, म्हण की."

"आडवे व्हा," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घरी आडवेच असता."

काका आडवे झाले. पट्टे करकरले, पत्र्याची शेड किंचित कुरकुरली. मुलीनं वर बघून कडी तपासली. पट्टा एकदा हिसकला, पुन्हा एकदा हिसकला. मग तिनं मूठ वळली आणि छाती आणि काठी यांच्यामध्ये घातली.

मूठ सैल बसली. तिनं दोन बोटं आणखी सरकवली. तीही गेली.

"दोन बोटं जास्त आहे, बाबा. वाळलात तुम्ही."

"हो का," काका म्हणाले. खालची जमीन त्यांच्या तोंडाजवळ होती आणि ते जमिनीकडेच बघत होते.

"पट्टा सैल करून तुम्हाला खाली घ्यायला पाहिजे. घेऊ का?"

"आता कशाला," ते म्हणाले. "राहू दे."

तिनं हात काढला नाही. तेही उतरले नाहीत. खाली होडीवाल्यानं इंजिन सुरू केलं, दाढीवाल्याची त्या दिवसाची पहिली पाहुणी येणार होती, आणि वारा नुकता उठायला लागला होता.