अप्पांचे बिनतारी हेडफोन

मी वडिलांशी वर्षभर खोटं बोलले, आणि ते खोटं मीच कॉम्प्युटरला एक वायर जोडून उघडं पाडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुंभकोणमला आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, भागवतरांच्या घरी, दर शनिवारी संध्याकाळी भजन असे. भागवतर म्हणजे भजनातले मुख्य गाणारे. त्यांच्या उजव्या हाताला बसून माझे अप्पा चाळीस वर्षं झांज धरत आले होते. मग अप्पांचे कान गेले. एकदम नाही; आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी गेली, मग आम्ही गेलो. झांज तेवढी हातात राहिली. ती कधी गाण्याच्या पुढे धावे, कधी मागे रेंगाळे, आणि स्वतःला ऐकू यावी म्हणून अप्पा ती दणकून वाजवत.

एका शनिवारी मागे बसलेले दोघं तोंडाला उपरणं लावून हसले. ते अप्पांनी पाहिलं नाही, मी पाहिलं. मला राग आवरत नाही आणि थांबणं तर त्याहून जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी भागवतरांकडे गेले आणि अप्पांना यापुढे बोलावू नका म्हणून सांगून आले. घरी येऊन अप्पांच्या कानाशी ओरडून सांगितलं की भजन बंद पडलं, हल्ली माणसं जमत नाहीत. अप्पांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. गुडघ्यांमुळे संध्याकाळी ते घराबाहेर पडत नसत, आणि गल्लीतला आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता. आईला मी या खोट्यात सामील करून घेतलं.

शनिवारी दिवेलागणीला अप्पा मागच्या ओसरीवर विहिरीकडे तोंड करून बसत. मी तिकडे बघायची नाही.

आमच्याकडे एक जुनी खोड आहे. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण दुकानात साडीला नावं ठेवायची असली की आम्ही आमच्या घरच्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या तंजावरी मराठीत ठेवतो. दुकानदाराला पत्ता लागत नाही. अप्पांचे कान गेल्यावर ती खोड घरात शिरली. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी काहीही बोलायचं, फक्त आवाज चढवायचा नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात माणसालाच नव्हते.

अमेरिकेतल्या भावाने त्या वर्षी बिनतारी हेडफोन आणले. कानात घालायचं यंत्र अप्पांनी केव्हाच फेटाळलं होतं, पण हे डोक्यावरून घ्यायचं प्रकरण त्यांना टोपीसारखं वाटलं, आवडलं. मला तर फारच बरं वाटलं. भजन काढून घेतलं होतं, त्याची भरपाई करायची सोय झाली. जवळच्या आडुतुरै गावी, माझ्या ऑफिसात मी कॉम्प्युटर शिकले होते आणि पुढच्या खोलीत एक जुना विकत घेऊन ठेवला होता. भाऊ परत गेल्यावर एका रविवारी सकाळी मी जोडणीला बसले.

हेडफोनबरोबर एक डबी होती. ती कॉम्प्युटरला जोडायची, ती लहरी सोडणार, आणि माणूस हेडफोन घालून घरभर हिंडायला मोकळा. कॉम्प्युटरच्या पाठीला एकसारखी तीन भोकं. पहिल्या भोकात वायर घातली, काही नाही. दुसऱ्यात घातली तर नुसती गुणगुण. तिसऱ्यात घातल्यावर हेडफोनच्या कडेचं चाक फिरवत बसले, आणि खरखरीतून एकाएकी मृदंग वर आला. सीडीवर भजनच लावलं होतं. अप्पांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. ते आधी दचकले, मग हसले, आणि कपाटातून झांज काढून मागच्या ओसरीवर गेले. तिथून झांज ऐकू यायला लागली. ताल बरोबर होता. हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून मी जरा चडफडलेसुद्धा.

सीडी संपत आली तेव्हा आई माझ्याजवळ येऊन बसली. आदल्या संध्याकाळी भागवतरांच्या बायकोने तिला पुन्हा अडवून विचारलं होतं की अप्पांना भजनाला का आणत नाही. अजून किती दिवस लपवायचं, आई मला म्हणाली. आईला आता ते झेपत नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या तोऱ्यात तिला उत्तर दिलं.

"अप्पांस आतां ताल धरवत नाहीं. चार माणसांत हसें होतें, तें मज बघवत नाहीं. भजन बंद आहे म्हणून सांगितलेंय, तें तसेंच राहूं दे."

सीडी थांबली होती. माझ्या कोपराजवळ माइक उभा होता. त्याच सकाळी आईचा आवाज भावाला पाठवायचा म्हणून मी तो चालू केला होता, आणि बंद करायचा राहिला होता.

अप्पा दारात आले. डोक्यावर हेडफोन तसेच, झांज हातात. खुर्ची ओढून ते टेबलाशी बसले आणि आम्हां दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले.

"बोला," ते म्हणाले. "मज ऐकूं येतें."

आई उठून आत गेली. मला उठता येईना. आता विचारतील की मी कुठे चुकत होतो, कोण हसलं, तू कोण मला उठवणारी. भीतीपेक्षा शरम जास्त होती. ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं, त्याच्यासमोर मी वर्षभर फक्त ओठ हलवत होते.

त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"म्हणजे भजन बंद पडलें नाहीं?"

मी माइकजवळ तोंड नेलं. बंद नाही पडलं, मी म्हणाले. दर शनिवारी असतं, एकही चुकलं नाही. झांज आता कोण धरतो, असं त्यांनी विचारलं. पोस्टातले एक गृहस्थ धरतात, मी सांगितलं. बरी धरतात का? खरं बोलायचं आता ठरलंच होतं, म्हणून सांगितलं की चांगली धरतात.

अप्पांनी झांज टेबलावर ठेवली. डोळे भरून आले होते, पण चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

"झांज गेली तर जाऊं दे," ते म्हणाले. "मज वाटलें, भजनच गेलें."